सोमाजीचं लिव्हर

येडगावच्या अंजनाचा नवरा सोमाजी आळेफाट्याच्या गॅरेजात ट्रकांच्या स्प्रिंगांचे पाटे बसवायचा. दोन हजार एकच्या दिवाळीनंतर त्याचे पाय सुजायला लागले, पोट पुढं आलं, डोळ्यांत पिवळी झाक दिसू लागली. फाट्यावरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली, लिव्हर खराब झाल्याचं सांगितलं आणि एकच विचारलं, "दारू किती वर्षांपासून?"

"थेंबसुदीक न्हाई, साहेब," सोमाजी म्हणाला.

डॉक्टर नुसते अंजनाकडं बघून हसले. ते हसणं तिच्या डोक्यात घर करून बसलं.

वीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला कधी झिंगलेला पाहिला नव्हता. पण गॅरेजच्या आजूबाजूला धाबे होते, ट्रकवाले होते. यायला उशीर झाला की तो "काम व्हतं" एवढंच म्हणायचा. आता त्या कामाचाच तिला वास यायला लागला. पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं ती त्याच्या तोंडाजवळ जायची. धुवायच्या आधी सदरा हुंगायची. कडब्याच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून चाचपायची. थोरली जाऊ साळुबाई तेल ओतायला होतीच. "लिव्हर उगं सडतं व्हय गं? माझा मामा बी शेवटपतुर न्हाईच म्हणत व्हता."

एक दिवस त्याच्या पिशवीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली बाटली सापडली. अंजनानं ती साळुबाईच्या देखत त्याच्यापुढं आपटली.

"ह्ये काय?"

सोमाजीनं बूच काढून बाटली तिच्यापुढं धरली. "पिऊन बघ."

जीभ कडूजहर झाली. काविळीचा काढा होता, ओतूरच्या एका वैदूनं दिलेला.

"तू भ्याली आस्तीस, म्हनून लपवला," तो म्हणाला.

तरी तिचा संशय काही जाईना. काढ्याआड आणखी काहीतरी असणार, असंच मन म्हणत राहिलं.

शेवटी पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दारूचं विचारलं, त्याचं "न्हाई" लिहून घेतलं आणि रक्त काढलं. आठ दिवसांनी दोघांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "हिपॅटायटिस सी आहे. हा विषाणू रक्तातून येतो. लिव्हरच्या पेशीत शिरतो आणि तिचंच सामान वापरून स्वतःच्या नकला काढत बसतो. शरीर त्याला मारायला जातं, त्यात पेशीही मरतात. मग जखम भरायला लिव्हर चिवट धागे विणतं. रोज जखम, रोज धागे, असं वर्षानुवर्षं. मऊ लिव्हर दगडासारखं होतं. दारूनंही असंच होतं, म्हणून लोक फसतात. यांना कधी रक्त चढवलं होतं?"

 पंच्याऐंशी साली जॅक सरकून सोमाजीची मांडी फाटली होती. रक्ताच्या दोन बाटल्या पुण्याहून तिनंच आणल्या होत्या, एसटीत पदराखाली धरून.

"मीच आणलं वो बाई त्ये रगत."

"तेव्हा हा विषाणू कुणाला ठाऊकच नव्हता. तपासणार कसा? आणलं नसतंत तर ते त्याच दिवशी गेले असते."

लिव्हर फार पुढं गेलं होतं. विषाणूवरची इंजेक्शनं आता झेपणार नव्हती. पोटातलं पाणी काढायचं, मीठ बंद करायचं, गोळ्या घ्यायच्या, एवढंच उरलं.

परतताना मंचर येईस्तोवर सोमाजी खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "रगताचं मनाला लावून घेऊ नगंस. पर वैनीम्होरं बाटली आपटलीस..."  

घरी आल्यावर अंजनानं साळुबाईला सगळं सांगितलं. साळुबाई म्हणाली, "डागदर काय, सांगंल तसं लिवून देत्यात."

सोमाजी त्यानंतर अडीच वर्षं जगला. गॅरेजात बसून इतरांना काम सांगायचा, अळणी भाकरी खायचा. एका सकाळी रक्ताची उलटी झाली, आणि संपलं. दहाव्याला लोणीचा एक पाहुणा हळूच म्हणाला, "दारूनं खाल्लं बिचाऱ्याला."

अंजना उठली. बायकांतून पुढं आली आणि जमल्या माणसांपुढं विषाणूपासून धाग्यांपर्यंत सगळं तिनं सांगितलं, मधे न रडता. शेवटी म्हणाली, "मी बी हुंगत व्हते त्याला. तुमी नगा हुंगू."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. खरं किती जणांना वाटलं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.