कुळाच्या अर्जावरची सही

भात बुडाल्याची सरकारी मदत याही खेपेला रघोजीरावांच्या खात्यात आली. पापनाशमचं शेत त्यांच्या नावावर, कसायचा मात्र मुरुगेसन. दर वेळी ते बसने जाऊन पैसे त्याला देत. आता गुडघे ऐकेनात, म्हणून तोच तंजावूरला आला, कुळनोंदणीचा अर्ज घेऊन.

"अय्या, सही केलीत तर पुढची मदत थेट मला मिळेल."

त्याला कळू नये म्हणून वसुमतीबाई मराठीत म्हणाल्या, "अहो, कूळ लागलं की शेत गेलंच समजा."

"त्या चिखलात कधी उतरलीस का तू?"

"तुम्ही तरी कुठं उतरलात?"

"म्हणूनच तर," रघोजीराव थकून हसले आणि त्यांनी सही केली.