सारसवीराचे कपडे

“वीरेंद्र, पाय मार रे! पाय मार!” मनिष तलावाच्या पाळीवरून, कॅमेऱ्यामागून ओरडला, पण वीरेंद्रचं डोकं तोवर दुसऱ्यांदा पाण्याखाली गेलं होतं.

एकोडीजवळच्या त्या तलावावर शूटिंगसाठी आठ-दहा माणसं जमली होती. आधी सगळ्यांना वाटलं, पोरगा काम झकास करतोय. सिनेमात वीरेंद्र सारसवीर होता आणि त्याला बुडणाऱ्या म्हाताऱ्याला वाचवायचं होतं, म्हणजे थोडी धडपड दिसायलाच हवी. चंदाला मात्र कळलं. वीरेंद्रच्या पाठीवरचा काळा कापडी पंख मघाशी पाण्यावर फुगून पसरला होता, तो आता दिसेनासा झाला होता. सहा मीटर वेलवेट. भिजल्यावर ते किती जड होतं हे तिच्याइतकं तिथं कोणाला ठाऊक असणार? कापड तिनेच निवडलं होतं आणि शिवलंही तिनेच होतं.

ती साडी खोचून पाण्यात शिरली. तलावातले मासे धरणारा केवळराम तिच्याआधीच आपल्या डोंग्यातून, छोट्या होडीतून, उडी टाकून पोचला होता. त्याने वीरेंद्रला केसांना धरून उथळ पाण्यात ओढत आणलं. पोरगा वर आला तरी त्याला श्वास घेता येईना. पंखाच्या ओझ्याने गळपट्टी मागे खेचली जाऊन गळ्यात रुतली होती आणि पाठीवरची चेन अडकली होती.

“चेन नाही उघडत!” केवळराम म्हणाला.

चंदाच्या गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कैची असे. तिने दोन बोटं गळपट्टीखाली घातली आणि गळ्यापासून खांद्यापर्यंत सगळं कापत नेलं. पंख सुटला आणि दगडासारखा खाली गेला. वीरेंद्र खोकला, पाणी ओकला, मग मोठ्याने श्वास घेऊ लागला.

थोड्या वेळाने तो ब्लँकेट गुंडाळून पाळीवर बसला तेव्हा ओठ निळे पडले होते, तरी हसत म्हणाला, “मावशी, नवा कपडा फाडला ना तुमी.”

सगळे हसले. चंदाला हसू आलं नाही. ती कैचीचं पातं पदराने पुसत राहिली.

चंदा कापगते लाखनीत हायवेच्या कडेला शिलाईचं दुकान चालवायची. पंचवीस वर्षांत तिने शाळांचे गणवेश, लग्नाचे ब्लाउज आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांसाठी राजे-राण्यांचे झगे शिवले होते. नवरा तुलाराम राइस मिलमध्ये कामाला होता आणि मुलगी डिंपल भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती. ट्रक गेला की दुकानातल्या हँगरवरचे कपडे हलत. त्या आवाजाची तिला इतकी सवय होती की रविवारी रहदारी कमी झाली की तिला चुकल्यासारखं वाटे.

सारसवीर मात्र तिच्या दुकानाहूनही जुना होता. चंदा आठवीत असताना तिच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक गोमाजी लांजेवार सर मुलांच्या एका मासिकासाठी चित्रकथा काढत. आपल्या भागातल्या धानाच्या बांधांवर सारस उतरतात, त्या पक्ष्यांसारखा राखाडी अंगाचा आणि लाल मुखवट्याचा एक वीर. तो तलाव राखायचा, पाळ फोडणाऱ्यांना पकडायचा. अंगाला घट्ट बसलेला पोशाख आणि खांद्यापासून टाचेपर्यंत उडणारा काळा पंख. तीन वर्षं ती चित्रकथा चालली. पानं पोस्टात पडण्याआधी सर ती चंदाला दाखवत. “तुझ्या हातात सफाई आहे, तुझी नजर पक्की आहे,” ते म्हणत, “चूक असन तं सांग.” तिला कधीच चूक दिसली नाही. दहावीनंतर शाळा सुटली आणि हातात शिलाई मशीन आली, पण मोठेपणीही कोणी तिला विचारलं की तुला शिकवलं कोणी, तर ती सरांचंच नाव घेई.

दोन वर्षांपूर्वी सरांना लकवा मारला. उजवा हात गेला. त्यानंतर साकोलीचा मनिष, जो आजवर लग्नांचं शूटिंग करत होता, सारसवीरावर सिनेमा करायचा म्हणून त्यांच्याकडे गेला. सरांनी एकच अट घातली. पोशाख मी काढला तसाच राहिला पाहिजे, त्यात काही बदलायचं नाही. मनिष चंदाकडे आला, तेव्हा सरांच्या घरी जाऊन तिने स्वतः शब्द दिला होता, “सर, एक टाका इकडचा तिकडे होनार नाही.”

आणि शब्द पाळायचा तिने जिवापाड प्रयत्न केला. कागदावर पंख सतत उडत असे. खरा पंख मुळीच उडेना. हलकं कापड लावलं तर कॅमेऱ्यात ते पावसाळी छत्रीसारखं दिसे, म्हणून वेलवेट आणलं. मग मनिषने मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीने, तंगुसाने, तो मागून ओढून पाहिला, तर वीरेंद्रच उलटा पडला. घट्ट पोशाखात त्याला वाकता येईना. शिवण दोनदा उसवली. मांडीवर घामाने पुरळ उठलं. चंदा दर वेळी शिवण पक्की करत गेली. गळपट्टीही तिनेच पक्की केली होती, दुहेरी टाक्याने.

वीरेंद्र बुडता बुडता वाचला त्या दिवशी परतताना मनिष गाडीत म्हणाला, “काकू, सरले काही सांगू नोका. शूटिंगले येतीन तेव्हा दुरूनच दाखवू. त्याइले का समजते?”

“त्याइलेच समजते,” चंदा म्हणाली.

“मंग काय करता? दुसरं वेलवेट आनू?”

“नाही. वेलवेट मी आता शिवत नाही.”

मनिषने शूटिंग चार दिवस थांबवलं. चंदाने दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं आणि कागदावर काहीही न काढता थेट कापडाला हात घातला. राखाडी रंगाचं जाडसर सुती कापड घेतलं. वरचा अंगरखा काखेत मोकळा ठेवला. खाली चड्डीसारखं काही न शिवता, धानाच्या रोवणीच्या वेळी बाया चिखलात उतरताना लुगडं जसं खोचतात, तशा चुण्या घालून गुडघ्यापर्यंत कापड आणलं. पंखाच्या जागी दोन्ही खांद्यांवर कोपरापर्यंत येणारे दोन हलके पदर लावले, तेही टिचबटनावर. ओढ बसली की आपोआप सुटतील असे. काम तिच्या मनासारखं होत होतं आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं. सरांचं मोडून आपलं चांगलं होतंय, हे बरं नव्हे असं तिला सारखं वाटे. तिला जेवणही जाईना.

“सर नाही म्हनले तं?” तुलारामने विचारलं.

“तं सिनेमाचे कपडे दुसऱ्या टेलरकडून शिवून घेईन मनिष. पन त्या पोराच्या गळ्यात मी पुन्हा ते नाही बांधत.”

चौथ्या दिवशी दुपारी ती नवा पोशाख पिशवीत घालून सरांकडे गेली. दार सरांच्या पत्नीने, रंभाबाईंनी उघडलं.

“ये व चंदा. परसात बसले आहेत उनात. आज बोलनं साफ आहे.”

सर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवून विसरलेल्या वस्तूसारखा. चंदा समोरच्या स्टुलावर बसली. येताना जुळवलेलं सगळं बोलणं विसरून ती एकदम म्हणाली, “सर, मी पंख कापला.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. “कायले?”

तिने सगळं सांगितलं. वेलवेट, दुहेरी टाका, गळपट्टी, कैची. काही लपवलं नाही. वेलवेट आपणच निवडलं हेही सांगितलं.

“पोरगा कोनाचा?” सरांनी विचारलं.

“निखाड्यांचा. वीरेंद्र. कबड्डी खेळते तो.”

“बरा आहे आता?”

“बरा आहे सर. दोन दिवस खोकला होता, तोही गेला.”

सरांनी मान हलवली आणि डावा हात पिशवीकडे केला. मग म्हणाले, “आन्, नवा दाखव.”

चंदाने पोशाख त्यांच्या मांडीवर पसरला. ते डाव्या हाताने कापड चाचपत गेले. खांद्यावरचे पदर, टिचबटन. ते एकदा ओढून पाहिलं. सुटलं, तसं पुन्हा लावायला तिच्याकडे दिलं. मग हात खाली गेला आणि थांबला.

“हे का आहे?”

“चुण्या आहेत सर. रोवनीत बाया लुगडं खोचतेत ना, तशा. पाय मोकळा राह्यते.”

सरांची मान खाली गेली आणि खांदे हलू लागले. चंदा घाबरून उठली. रंभाबाईही धावत आल्या. पण सर हसत होते. वाकड्या झालेल्या ओठांतून हसू नीट बाहेर येत नव्हतं, म्हणून ते रडण्यासारखं दिसत होतं.

“चंदा,” ते म्हणाले, “मले चुण्या काढता येत नोहत्या.”

“का म्हनता सर?”

“नाहीच येत होत्या! कापड पडते कसं, वळते कसं, मले कधी साधलंच नाही. म्हनून त्याले घट्ट कपडे घातले. अंग काढलं, का झालं काम. शाळेत तुमाले सांगत होतो, वस्त्राचा अभ्यास करा, अन् माझाच नोहता.”

“अन् पंख?”

“पंख तं निव्वळ आळस. महिन्याची बारा पानं टपालात टाका लागत. मांगचं झाड, घर, मानसं कोन काढत बसते? पंख उडवला, अर्ध्या चौकटीत काळी शाई ओतली, झालं. वाचनारे म्हनत, वा, काय पंख आहे!”

चंदा पाहतच राहिली. तीन वर्षं ती सरांच्या शेजारी उभी राहून ती पानं पाहत होती, आणि तिला चूक दिसली नव्हती. आपण काय पाहत होतो, असं तिच्या मनात आलं, पण त्यात राग नव्हता. छातीवरचं काहीतरी उचललं गेल्यासारखं झालं.

“मंग अट कायले टाकली सर? एवढी कडक?”

रंभाबाई दारात थांबल्या. सरांनी डाव्या हाताने चुण्यांवरून पुन्हा एकदा बोटं फिरवली.

“अट नसती तं कोन आलं असतं पुसाले? मनिषनं सही घेतली असती, पेढा देला असता, अन् निंगून गेला असता. मले वाटलं, अट राहीन तं काही अडलं म्हंजे कोनी येईन. सर, हे कसं करू, ते कसं करू, असं कोनी इचारीन.” त्यांनी टिचबटन पुन्हा एकदा ओढून पाहिलं. “त्या पोराच्या जिवावर येईन, हे नोहतं वाटलं मले.”

चंदा स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली. मग ती म्हणाली, “मी रोज आली असती सर. मले वाटलं तुमाले तरास होईन.”

“तरास!” रंभाबाई म्हणाल्या, “हा मानूस दिवसभर फाटकाकडे पाह्यते व.”

त्यांनी पोहे आणले. चंदाने दोन बशा खाल्ल्या आणि तिसरी मागताना स्वतःच लाजली. तोवर सरांनी पोशाखात तीन दुरुस्त्या सांगितल्या होत्या. सारसाची मान लाल असते, मग गळ्याशी लाल कापड नको का? पदराला खाली थोडं वजन दे, नाहीतर ते नुसते फडफडतील. राखाडी रंग फार स्वच्छ आहे, तलावावरचा माणूस इतका कोरा कसा? चंदा पिशवीच्या पाठीवर खडूने लिहून घेत होती. शेवटी सरांनी आतून मासिकाचा एक जुना अंक मागवला. मुखपृष्ठावर सारसवीर आभाळात होता, पंख पानाच्या कडेपर्यंत पसरलेला.

“हा आता कागदावरच राह्यला,” ते म्हणाले आणि अंक पालथा करून रंभाबाईंकडे दिला.

शूटिंग पुन्हा सुरू झालं त्या सकाळी मनिष स्वतः गाडी घेऊन सरांना आणायला गेला. पाळीवर मोहाच्या झाडाखाली त्यांची खुर्ची ठेवली. केवळराम डोंगा घेऊन आधीपासून पाण्यातच होता, कॅमेऱ्यात दिसणार नाही एवढ्याच अंतरावर. वीरेंद्रने पाण्यात पाय टाकला. चंदाने गळ्यातली कैची मुठीत धरली होती.

त्याने सूर मारला. मधोमध जाऊन म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या माणसाला खांद्याखाली धरलं. म्हाताऱ्याने घाबरल्याचं नाटक करत त्याच्या खांद्यावरचा पदर ओढला, तो चट्कन सुटला आणि वीरेंद्र पाय मारत सरळ काठाकडे आला. चिखलातून वर चढताना चुण्यांमधून पाणी धारांनी गळत होतं. खरोखर एखादा मोठा पक्षी पाण्यातून उठल्यासारखं दिसत होतं, किंवा रोवणी आटोपून बांधावर आलेल्या माणसासारखं.

“कट!” मनिष ओरडला. “एक नंबर!”

“पुन्हा घे,” खुर्चीतून सर म्हणाले. “तो पदर सुटला, तो मले नीट दिसला नाही.”

मनिषने चंदाकडे पाहिलं. चंदा इतक्या मोठ्याने हसली की केवळरामने डोंग्यातून मान वळवून पाहिलं.

वीरेंद्र थंडीने कुडकुडत सरांच्या पाया पडायला आला. त्याच्या अंगाखाली जमीन भिजत होती. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग खाली वाकून त्याच्या गुडघ्याजवळच्या चुण्यांचा ओला घोळ डाव्या हातात घेतला आणि पिळायला लागले. एका हाताने पिळता येईना. कापड मुठीतच फिरत राहिलं. चंदा जवळ जाऊन बसली आणि तिने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पीळ दिला, तसं तलावाचं गढूळ पाणी सरांच्या चपलांवर सांडत गेलं. पाय मागे न घेता ते पिळत राहिले.