पाठीमागचा उजेड

धाकट्याच्या टेम्पोचा झोत थोरल्याच्या आरशातून थेट डोळ्यांत घुसत होता. घाटाच्या वळणावर रस्ताच दिसेना. गाडी कठड्याला घासली, तेव्हा थोरला थांबला आणि चाकं खोलायची लोखंडी टॉमी घेऊन खाली उतरला.

“दिवे खाली कर म्हणून कितीदा सांगितलं?”

“खालीच आहेत, दादा! आरसा तिरका कर की. नवरी आहेस का, सारखं आरशात बघायला?”

थोरल्याचं डोकं फिरलं. टॉमीच्या दोन घावांत त्याने दोन्ही दिवे फोडले. धाकट्याने उडी मारून त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. रक्ताबरोबर दात बाहेर पडला. थोरल्याने त्याला कॉलर धरून दरवाज्यावर आपटलं आणि किल्ली काढायला आत हात घातला. दिव्यांचं बटण खालच्याच खुणेवर होतं.

तो मागे गेला. सगळ्या फरशा शेपटाकडे रचलेल्या, मागची चाकं दबलेली, टेम्पोचं तोंड आभाळाकडे. निघायच्या घाईत त्या थोरल्यानेच तशा रचल्या होत्या.

“आता आंधळ्या गाडीने घाट कसा उतरू?” कपाळावरचं रक्त पुसत धाकट्याने विचारलं.

“तू पुढे हो. मी मागून उजेड दाखवतो.”

मागचा झोत डोळ्यांवर पडताच धाकट्याने आरसा उपटला आणि खिडकीबाहेर भिरकावला.