बोर्डावरचे सन्स

"आप्पा, बोर्डावर 'शिवकुमार अँड सन्स' लिहिलंय. शिवकुमार तुमी, मग ते सन्स कुठायत?"

सेलूच्या शाळेतून येताना एसटीत सृष्टी आणि वैष्णवी या मैत्रिणींनी पैज लावली होती, हे बापाला विचारून दाखव म्हणून. वैजयंती दहावीत गेल्यापासून कुणाच्या बापाला भीत नव्हती. देवगाव फाट्यावर आप्पांच्या गॅरेजात दप्तर टेकवायच्या आधीच तिनं विचारून टाकलं. ट्रकमालक चंद्रभानकाका पोट धरून हसले. आप्पा हसले नाहीत. पाटी लग्नाच्या साली हौसेनं लिहिलेली हाय म्हणाले, आणि तिला चहा सांगायला पिटाळायला लागले.

चहा! तिचं डोकं तिथंच तापलं. ती जागची हलली नाही.

आप्पांच्या हातात पाना होता. चंद्रभानकाकांच्या ट्रकचं इंजिन त्यांनी महिनाभर खपून नव्यानं बांधलं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, अशी त्यांची पद्धत. इंजिन एका सुरात गुरगुरायचं. पण हा ट्रक क्लचचं पेडल नसलेला, गिअर आपोआप बदलणारा. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना असा हिसका द्यायचा, की ड्रायव्हरचं कपाळ काचेला लागावं. आप्पांनी ठरवून टाकलं होतं, खोट इंजिनातच राहिली. आता सगळं पुन्हा खोलायचं.

"खोलू नका आप्पा," वैजयंती म्हणाली. "इंजिन सोन्यासारखं हाय. इंजिन बांधताना तुमी क्लचची प्लेट नवी टाकली, पण गिअरच्या कॉम्प्युटरला सांगितलंच न्हाई. त्याला वाटायलंय, जुनी झिजकी प्लेटच हाय. तो जुन्याच मापानं क्लच सोडायलाय."

सुट्टीपासून गॅरेजातला लॅपटॉप तिच्याच हातात होता. पडद्यावरचं इंग्रजी तीच वाचायची, आप्पा नुसते मान डोलवायचे. पण गिऱ्हाइकासमोर आप्पांचा आवाज बदलला. लेकराचं काय मनावर घेता, असं ते चंद्रभानकाकांना म्हणाले. लेकरू म्हणे! काल रात्री वायरी शोधून द्यायला बरं लेकरू चाललं.

चंद्रभानकाका शेवटी स्वतःच उठून हॉटेलात चहाला गेले. ते वळल्याबरोबर वैजयंती केबिनमध्ये चढली आणि तिनं लॅपटॉपची केबल खोचली. हँडब्रेक ओढला. इंजिन चालू आणि गरम होतं, क्लच ज्या हवेवर चालतो ती टाकीत भरलेली होती. तिनं पडद्यावर नव्या क्लचचं माप शिकवायचं बटण दाबलं. फुस्स करून हवा सुटली आणि कुणी हात न लावता क्लच पुढं-मागं व्हायला लागला. खाली आप्पा कानाला स्क्रूड्रायव्हर लावून उभे. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला.

मग आप्पा काकांना शेजारी बसवून पाथरीच्या रस्त्यानं चक्कर मारून आले. ट्रक लोण्यातून सुरी फिरावी तसा गिअर बदलत आला. चंद्रभानकाका खूश. विचारलं, दोष शोधला कुणी?

आप्पा हात पुसत म्हणाले, "माझा पुतण्या हाय ना पुण्याला, हरिओम. त्यानं फोनवर सांगितलं."

"पोरगा असावा तर असा," काका म्हणाले, आणि उद्या सकाळी गाडी न्यायला येतो म्हणून निघून गेले.

हरिओमदादाचा दिवाळीनंतर फोनसुद्धा आलेला नव्हता. वैजयंतीचे कान असे तापले, की त्यांच्यावर भाकरी भाजून निघाली असती.

रात्री जेवताना तिनं ताट पुढं सरकवलं आणि असं का केलं म्हणून विचारलं. आप्पा भाकरीकडं बघत राहिले. दहावीतल्या पोरीनं गाडी केली म्हटल्यावर गिऱ्हाईक भरवसा ठेवंल का, म्हणाले. हैदराबादपर्यंत भरल्या गाडीनं जायचंय त्याला. आई तव्यावरून न वळता म्हणाली, "पाटी रंगवली तवा मलाबी कुठं विचारलं होतं."

वैजयंतीनं ताट परत जवळ ओढलं.

"मी ठरवलंय," वैजयंती म्हणाली. "दहावी झाली की परभणीला आयटीआय करणार, डिझेल मेकॅनिक. हॉस्टेल नसलं तर रोज एसटीनं जाईन. आणि सकाळी चंद्रभानकाका आले की शाळेला जायच्या आधी गॅरेजात येणार. इंजिन आप्पांनी बांधलं, गिअर मी शिकवला, हे त्यांना मी सांगणार. आप्पा, तुमी तिथंच उभं राहायचं."