गळलेल्या नावाचं आख्यान

या, असे जवळ सरकून बसा. एका आईची गोष्ट ऐकवायची आहे. ऐकता ऐकता हात आपोआप जोडले जातील.

इंग्लंडातल्या पिनरमधल्या हॉलमध्ये तिथल्या मराठी मंडळाने मीनाक्षीताईंचं कीर्तन ठेवलं होतं. ताई मूळच्या नागपूरकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज मात्र खणखणीत. आख्यानाला त्यांनी देव-दानव न घेता चक्क एकोणीसशे बावन्न साल घेतलं. मंडळाचे श्रीकांत आधीच सांगून गेले होते की क्रिकेट आणि कुस्ती ठेवा, पॉलिटिक्स शॉर्ट करा, लोकांना उद्या ऑफिस असतं. ताईंनी मान डोलावली. पण त्या सालातलं त्यांना खरं सांगायचं होतं ते आपल्या आईचं, आणि लोक तिला हसतील ही धास्तीही होती.

मध्यंतरात बुक्का लागला, हार पडला, ताईंनी झांज उचलली. मद्रासच्या कसोटीत आपण इंग्लंडला पहिल्यांदा हरवलं, आणि ती मॅच चालू असतानाच इथले राजे गेले, हे त्यांनी असं रंगवलं की तबलजीसुद्धा हसला. मग हेलसिंकीहून ब्रॉन्झ घेऊन आलेला कराडचा पैलवान आला. टाळ्या पडल्या.

सगळ्यात शेवटी घेतली ती पहिली निवडणूक. मतदारयादीसाठी कारकून दारात आला नि त्यानं आईला नाव विचारलं. परक्या पुरुषाला आपलं नाव सांगायचं नाही, नवऱ्याचं तर घ्यायचंच नाही. दाराआडून ती म्हणाली, मिनीची आई. त्यानं तेच लिहून घेतलं. पुढे अशी नावं काढून टाका असं वरून आलं, आणि देशभरातल्या लाखो बाया यादीतून गळल्या.

"मिनीची आई"वर हॉलमध्ये खसखस पिकली. ताईंची झांज थांबली.

"हसा. मीही हसायचे," त्या म्हणाल्या. "पण मतदानाच्या दिवशी ती मला कडेवर घेऊन शाळेबाहेर उभी राहिली होती. शेजारणी बोटाला शाई लावून येत होत्या, तिला आत सोडलं नाही. पुढच्या निवडणुकीआधी पुन्हा माणूस आला. आई ओसरीवर आली, आणि तिच्या मामंजींच्या देखत म्हणाली, लिहा, भागीरथी. तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं."

मग एजवेअरच्या सीमाकाकू काठी टेकत उठल्या.

"माझी आई द्वारका. तिचंही गळलं होतं गं."

मागून कुणी यमुना म्हणालं, कुणी सरस्वती. दाराशी घड्याळ बघत उभे असलेले श्रीकांत घसा खाकरून म्हणाले, "आमची आजी. अनसूया." ताईंनी एकेक नाव उचललं, सुरात बसवलं आणि त्याचाच गजर धरला. तबल्यानं साथ दिली. इथेच जन्मलेली पोरंही टाळ्या धरून ती नावं म्हणू लागली, आणि त्या गजरात ताईंना आपलं रडू लपवावं लागलं नाही.

तर मंडळी, आज देवापाशी दिवा लावाल तेव्हा क्षणभर थांबा, आणि भागीरथीची आठवण काढा. तिच्या नावानंच काढा.