चार मिनिटं गप्प

“लोकांना अक्कल म्हणून नाही!”

आमच्या कासव बचाव केंद्रात नोव्हेंबर उजाडला की केंद्रप्रमुख हॅरिएट एल्ड्रिज बाईंचं हे वाक्य सुरू व्हायचं, ते नाताळापर्यंत थांबायचं नाही. अमेरिकेतल्या केप कॉडच्या खाडीतलं पाणी गार पडलं की समुद्रकासवं गारठून, ताठ होऊन किनाऱ्याला लागतात. मेल्यासारखी दिसतात, पण बऱ्याचशांत धुगधुगी असते. आणि फिरायला आलेला भला माणूस काय करतो? उचलून पुन्हा समुद्रात सोडतो! गारठलेल्या कासवाला पोहता येत नाही, ते तिथेच संपतं. “सगळं वेबसाइटवर लिहिलंय, वाचायला काय हात दुखतात?” हा बाईंचा पुढचा ठरलेला सवाल.

आता खरं सांगायचं तर ती वेबसाइट म्हणजे बाईंचं लाडकं लेकरू. उघडली की आधी लाटांचा व्हिडिओ. मग अध्यक्षांचं मनोगत. मग बाईंचं मनोगत, ते जरा लांबलेलं. मग विश्वस्तांचे हसरे फोटो. दहा वर्षं त्यातला स्वल्पविराम हलवायची कुणाची छाती झाली नव्हती.

पण त्या गुरुवारी दिवस बाका होता. रात्रीपासून वायव्येचा जोराचा वारा सुटणार, असा हवामान खात्याचा इशारा होता. म्हणजे सकाळी किनाऱ्यावर कासवांची रांग लागणार. आणि विश्वस्तांनी वेबसाइट सुधारायला बोलावलेली इल्डा फुर्टाडो म्हणत होती, पहिलं पान आजच्या आज बदलू या.

“आज? ऐन हंगामात घराची पाडापाडी कोण करतं?” बाई कडाडल्या. “वसंतात बघू.”

इल्डा वीस वर्षं इस्पितळाच्या तातडीच्या विभागात परिचारिका होती, वेबसाइटच्या कामाला ती नंतर लागली. आरडाओरड्याची तिला सवय होती. “बाई, दारात रक्तबंबाळ माणूस आला तर आम्ही त्याला इस्पितळाचा इतिहास नाही ऐकवायचो.”

“म्हणजे माझं मनोगत लोकांच्या जिवावर उठलंय, असंच ना?”

“ते मी नाही सांगत. वेंडेल सांगेल. तो ही वेबसाइट वापरेल, आपण मागे बसायचं. अट एकच, तुम्ही बोलायचं नाही. खूण नाही, खोकलासुद्धा नाही. कासवाचं काय करायचं ते त्याला झटपट सापडलं तर मी वसंतापर्यंत थांबते.”

“सापडेल की! न सापडायला काय झालं?”

वेंडेल निकर्सन शाळेची बस चालवायचा. बाईंचा वर्गमित्र, कोटभर कुत्र्याचे केस, हातात डोनटचा खोका. आल्या आल्या म्हणाला, “हॅरी, परीक्षेला बसवतेस म्हणे मला? शाळेत तुझी वही बघून पास झालो, आज कुणाची बघू?”

“परीक्षा तुमची नाही, वेबसाइटची आहे,” इल्डाने त्याच्या हातात मोबाइल दिला. “समजा किनाऱ्यावर कासव पडलंय, हलत नाही. काय करायचं ते यावर शोधा.”

लाटांचा व्हिडिओ गरगरत राहिला. तो सरला तशी एक चौकट उघडली, वार्तापत्रासाठी ईमेल द्या म्हणून. ती बंद करायची फुली मोहरीएवढी, आणि वेंडेलचा अंगठा चांगला जाडजूड. तीनदा दाबून कशीबशी गेली. मग त्याने ‘आमची कासवं’ उघडलं, तर शास्त्रीय नावांची लांबलचक यादी. ‘संपर्क’ उघडलं, तर अर्ज भरा, तीन दिवसांत उत्तर मिळेल.

“तीन दिवस? तोवर ते कासवच मला फोन करेल!”

बाईंच्या ओठावर आलं होतं, ‘अरे खाली जा, अगदी खाली!’ इल्डाने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी ओठ दाताखाली धरले. उत्तर तळाशी होतं, ‘शैक्षणिक साहित्य’ या सदरात सहाव्या नंबरवर. ते तिथे स्वतः बाईंनीच ठेवलं होतं. दोन मिनिटं झाली. तीन झाली. वेंडेलच्या कपाळावर घाम आला.

“माफ कर हॅरी, माझंच डोकं मठ्ठ.”

बाईंना ते शब्द झोंबले. रोज त्या हेच तर म्हणत होत्या!

चौथं मिनिट संपता संपता त्याला ते सापडलं. तो खुशीत मोठ्याने वाचायला लागला, “कासवाला पुन्हा पाण्यात सोडू नका...” आणि थांबला. त्याने ती ओळ परत एकदा मनाशी वाचली.

“सोडू नका?”

त्याने मोबाइल मांडीवर ठेवला.

“मागच्या डिसेंबरात मला सापडलं होतं एक,” वेंडेल हळू म्हणाला. “तेव्हाही हेच उघडलं होतं मी. बोटं बधिर झालेली, काही मिळेना. मग उचललं त्याला, कंबरभर पाण्यात शिरलो आणि सोडलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज एक जीव वाचवला.” त्याने मान वर केली. “हॅरी, जगलं असेल ना गं ते?”

खोटं बोलणं किती सोपं होतं! एक ‘हो’ म्हटलं की म्हातारा हसत घरी गेला असता. बाईंनी इल्डाकडे पाहिलं. इल्डा म्हणाली, “आता बोला तुम्ही.”

“नाही वेंडेल. नसेल जगलं.” बाई म्हणाल्या. “पण ते तू नाही मारलंस! त्या बर्फासारख्या पाण्यात उतरलास तू. तू मला विचारत होतास काय करू, आणि मी तुला मनोगतं वाचायला लावत होते!”

वेंडेलने टोपी काढून तोंडावर धरली. बाई त्याच्या शेजारी बसल्या, बराच वेळ. मग उठल्या आणि इल्डाला म्हणाल्या, “कुठलं बटण दाबलं की हे सगळं जातं?”

“आधी काय काढू?”

“माझं मनोगत.”

संध्याकाळपर्यंत नवं पान उभं राहिलं. वर मोठ्या अक्षरांत ‘कासव सापडलं?’, खाली चार छोट्या ओळी आणि फोनचं तळहातभर बटण. वेंडेल तोवर घरी गेलाच नाही. “पाण्यात सोडू नका, हे सगळ्यात वर घ्या,” एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ती ओळ वर आली. खिडक्या वाऱ्याने खडखडायला लागल्या होत्या.

सकाळी उजाडता उजाडता फोन वाजला. बाईंनीच उचलला.

“हॅरी, वेंडेल बोलतोय. कुत्र्याला फिरवायला आलो होतो. एक आहे इथे. भरतीच्या रेषेच्या वर ठेवलंय, वर कोरडं शेवाळ घातलंय, खुणेला काठी रोवलीय.” मधे नुसता वारा ऐकू आला. “पाण्यात नाही सोडलं गं.”

“तिथेच थांब,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “गाडी निघाली.”

मंडळी, आपण सगळेच कुठे ना कुठे चौकशीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो. कुणी कार्यालयात, कुणी शाळेत, कुणी नुसतं घरात. ‘लिहिलंय की तिथे’ म्हणून हात झटकतो आणि ज्याला सापडत नाही त्याला अडाणी ठरवतो. लिहून ठेवलं म्हणजे सांगितलं असं होत नाही! गरजेच्या वेळी, गारठलेल्या बोटांना ते सापडलं, तरच सांगितलं म्हणायचं. पुढच्या वेळी कुणाची अक्कल काढायच्या आधी त्याच्या मागे चार मिनिटं गप्प बसून बघा.

हॅरिएटबाईंचं ते वाक्य आम्ही त्या हंगामात पुन्हा ऐकलं नाही.