ऑलर्टनांच्या टेबलावरची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे, लाकडी मुठीची. त्या रविवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे ऑलर्टनांच्या जेवणाच्या टेबलावर, मोहरीच्या बरणीशेजारी उभी होते. भाजलेलं बीफ, यॉर्कशायर पुडिंग, बटाटे असं सगळं मांडून विनीबाई सर्वांत शेवटी बसल्या. त्यांची लेक हेस्टर लीड्सहून आली होती. तिच्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "शुक्रवारी डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, मला..."

त्यांचे यजमान कथबर्टसाहेब यांनी लगेच माझी मूठ धरली. "हं, बोल बोल. काय झालंय तुला? आमचे कान तयार आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही. बटाटे घ्या, गार होतील."

मी मुळात शाळेची. टेकडीवरच्या शाळेत मुलांना मैदानातून आत बोलवायचं काम माझं. मुलं मला शिव्या घालत आणि माझ्यामागे धावत येत. मग विजेची घंटा आली आणि मी कपाटात खडूंच्या भुकटीत पडून राहिले. कथबर्टसाहेब तिथले मुख्याध्यापक. निवृत्त होताना त्यांनी मला मागून घेतलं. आपल्याला घर मिळालं, म्हणून मला केवढा आनंद झाला होता!

घरात मला एकच काम होतं. विनीबाईंचा शब्द चुकला की वाजायचं.

बाईंची शाळा लहानपणीच सुटली आणि त्या लोकरीच्या गिरणीत लागल्या. इंग्रजी त्यांची जन्मभाषा. पण मोठे शब्द त्यांनी यंत्रांच्या खडखडाटात, कानाला जसे आले तसे उचलले होते. पायांच्या फुगलेल्या शिरांना सगळे व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. त्या म्हणत व्हेरी क्लोज व्हेन्स, अगदी जवळच्या शिरा. टण्! दुसऱ्याच्या पापाचं ओझं वाहणारा बळीचा बकरा म्हणजे स्केपगोट. त्यांच्या तोंडी तो एस्केप गोट होई आणि बिचारा सुटून पळे. टण्! पाहुणे डोळे पुसेपर्यंत हसत. साहेबांची बहीण एनिड तर आल्या आल्या म्हणे, "वहिनी, तो बकऱ्याचा शब्द म्हणा ना एकदा!" बाई म्हणत. मी वाजे. "काय खणखणीत आवाज आहे हो!" अशी माझी वाहवा होई, आणि मला ती आवडे.

हेस्टर हसत नसे. ती ताटात बघत बसे.

हळूहळू बाई लहान लहान शब्दांवर आल्या. घ्या. वाढू? पाऊस आहे. मी वाजेनाशी झाले, तसे साहेब कुरकुरले, "आजकाल मजाच नाही राहिली जेवणात."

मित्रांनो, मला दर शनिवारी घासूनपुसून लख्ख करत त्या विनीबाईच. त्या रविवारच्या आदल्या दिवशी मला पुसता पुसता त्या एक शब्द घोकत होत्या. अ‍ॅन्युरिझम. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. दर वेळी शब्द निराळाच बाहेर पडे. त्या थांबत, माझ्यावरून फडकं फिरवत, पुन्हा सुरू करत. माझ्या पोटात जिभेच्या जागी नुसता लोखंडाचा लोळा. मी कुणाला काय सांगणार?

सोमवारी सकाळी त्या परसात, वाळत घातलेल्या चादरींखाली कोसळल्या. चिमटे एप्रनच्या खिशातच होते.

दफनानंतर घरी चहा आणि हॅमची सँडविचेस होती. डॉक्टर आले होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी शुक्रवारीच सांगितलं होतं त्यांना. घरी बोला, सोमवारी यजमानांना घेऊन या, लगेच शस्त्रक्रिया करू. बोलल्या नाहीत का?"

"ती काय बोलणार?" साहेब म्हणाले. "रोगाचं नाव तरी आलं असतं का तिला? त्याचं काय केलं असतं, देव जाणे!"

एनिड फिस्सकन हसली. आणखी कुणीतरी हसलं. साहेबांनी सवयीनं मला उचललं आणि वाजवलं.

मला पुसून लख्ख ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला हात लावण्याआधी समोरचं माणूस काय सांगतंय ते ऐकून घ्या, एवढंच मागणं आहे.

हेस्टरनं बशी खाली ठेवली. उठून तिनं माझा लोळा बोटांनी धरला, तसा आवाज मध्येच तुटला.

"बाबा, आई काय म्हणतेय ते मला कळत होतं," ती म्हणाली. "दर वेळी कळत होतं. तुम्हालाही."